कुत्रा कोर्टात, पण मूल कुठंय?

परवा एका ज्युनिअरने पेपर पाठवला आणि विचारलं, "दादा, हा प्रयोग आपल्या संभाजीनगरच्या कोर्टात करता येईल का? पेटच्या मुलाखतीत हाच विषय सांगतो."

पेपर केयला बर्ड आणि डॉन मॅक्विस्टन यांचा, २०१९चा. अमेरिकेत अत्याचारपीडित मुलांना साक्ष देताना धीर यावा म्हणून प्रशिक्षित कुत्रा जवळ बसवतात. सिएटलमध्ये २००३ साली जीटर नावाचा कुत्रा अशा कामाला आला आणि पद्धत पसरली. आरोपीच्या वकिलांचा आक्षेप एकच: गोंडस कुत्रा बघून ज्यूरी विरघळते. म्हणून या दोघींनी लुटुपुटूची ज्यूरी घेतली. साक्षीदाराजवळ कुत्रा, खेळणं किंवा काहीच नाही, अशा तुलना केल्या. निकालावर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. खेळण्याचा गट ठेवला हे मला फार आवडलं. त्यामुळे परिणाम कुत्र्याचा की कुठल्याही आधाराचा, हे वेगळं काढता येतं.

आता शीर्षक वाचा. त्यात ते विचारतात, पूर्वग्रहाशिवाय दिलासा मिळतो का? पूर्वग्रह मोजला, ठीक. दिलासा कुठे मोजला? ज्याला तो मिळायचा ते मूल या प्रयोगात नाहीच! शीर्षकातला प्रत्येक शब्द कुठल्या आकड्यात उतरला, हे पेन्सिलने जोडून बघायची सवय लावा. आणि "परिणाम आढळला नाही" म्हणजे "परिणाम नाही" असं नव्हे, हे तर तुम्हाला पाठच असेल.

आपल्यासाठी अडचण त्याहून मोठी आहे. आपल्याकडे ज्यूरीच नाही. १९५९च्या नानावटी खटल्यातली मुंबईची ज्यूरी सगळ्यांना आठवते. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तर ती पद्धत पुरती मोडीत काढली. निकाल न्यायाधीश देतात. म्हणजे पेपरचा मुख्य प्रश्नच इथे लागू होत नाही.

मग इथला प्रश्न कोणता? पॉक्सो कायद्याचं कलम ३३(४) मुलाच्या विश्वासातल्या माणसाला कोर्टात हजर राहू देतं. स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ला जिल्ह्याजिल्ह्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी कायमची जबाब केंद्रं उभारायला सांगितली. तेव्हा तुलना 'कुत्रा की काहीच नाही' अशी करून चालणार नाही. शेजारी बसलेली आई किंवा मावशी, आरोपी दिसू नये म्हणून लावलेला पडदा, यांच्यापेक्षा कुत्र्याने जास्त काय दिलं, ते दाखवावं लागेल.

आणि आपल्या गल्लीतलं पोरगं कुत्रा दिसला की आधी दगड शोधतं. कुणाला चावा बसलेला असतो, कुणी रेबीजच्या इंजेक्शनांचा कोर्स पुरा केलेला असतो. घाबरणारी मुलं आधीच वगळली, तर उरलेल्यांत कुत्रा गुणकारी ठरणारच. वगळलेल्यांचा आकडा पेपरमध्ये हवा.

लाळेतलं कॉर्टिसॉल मोजू, असं ज्युनिअर म्हणाला. मोज की. पण कॉर्टिसॉल सकाळी जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. बिनकुत्र्याचे जबाब सकाळी आणि कुत्र्यासोबतचे दुपारी झाले, तर घड्याळाचं श्रेय कुत्र्याला मिळेल. शिवाय तारीख पुढे गेली की मूल घरी परत जातं, पुन्हा येतं. नमुना नेमका कोणत्या दिवशीचा?

मी त्याला एवढंच सांगितलं, आधी एक दिवस जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात बसून ये, मुलांना किती वेळ थांबावं लागतं ते बघ. तो सोमवारी जाणार आहे.