खुनी आजोबा, दोन दावे आणि एक डीएनए

आज एका जुन्या पुस्तकाबद्दल. 1937 मध्ये इझोला फॉरेस्टर यांचं 'धिस वन मॅड अ‍ॅक्ट' प्रसिद्ध झालं. अब्राहम लिंकनचा खून करणारा नट जॉन विल्क्स बूथ हा आपला आजोबा, असं लेखिका त्यात सांगते. तिच्या आजीनं 1859 मध्ये बूथशी गुपचूप लग्न केलं, त्याच वर्षी ओगारिटा ही मुलगी झाली, आणि ओगारिटाच्या पोटी लेखिका. याच पुस्तकात दुसराही दावा आहे: बूथ 1865 मध्ये मारला गेलाच नाही, तो निसटला.

पुस्तक रंगतदार आहे आणि लेखिका प्रामाणिक वाटते. पण पीएचडीचा प्रपोजल लिहायला बसणाऱ्यांनी ते वाचावं ते वेगळ्या कारणासाठी. पुरावा भरपूर दिसतो आणि तरी दावा तपासताच येत नाही, हे नेमकं कसं होतं ते इथे स्वच्छ दिसतं.

पुरावे किती, उगम किती?

आजीच्या आठवणी, घरातल्या जपलेल्या वस्तू, आईनं रंगभूमीवर लावलेलं बूथ हे आडनाव. मोजायला गेलं तर यादी मोठी होते. पण प्रत्येक धागा ओढत मागे गेलं की बहुतेक सगळे एकाच व्यक्तीपाशी पोचतात: आजी. आईनं बूथ आडनाव लावलं, कारण आजीनं तिला तसं सांगितलं. नातीनं विश्वास ठेवला, कारण आई तसं म्हणत होती. एकाच साक्षीदाराचं म्हणणं तीनदा ऐकलं म्हणून साक्षीदार तीन होत नाहीत. लॅबच्या भाषेत ही टेक्निकल रेप्लिकेट्स आहेत, स्वतंत्र सँपल नाहीत.

"खुन्याशी नातं कोण उगाच सांगेल?" असाही युक्तिवाद केला जातो. तो कच्चा आहे. बूथ घराणं हे त्या काळातलं अमेरिकेतलं सगळ्यात गाजलेलं नटघराणं होतं. भाऊ एडविन तर शेक्सपिअरच्या भूमिकांसाठी देशभर प्रसिद्ध. ओगारिटा स्वतः नटी होती. म्हणजे हे नाव बदनाम होतं तसंच वजनदारही होतं.

कुठला डीएनए काय सांगेल?

"डीएनए करून टाका ना" हे आपण सहज म्हणतो. पण कोणता? वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. इथे वंश मुलीतून सांगितलाय, त्यामुळे वाय पहिल्याच पायरीला बाद. मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून येतो. ओगारिटाचा तो तिच्या आईचा असणार, बूथचा नाही. तोही बाद.

उरला ऑटोसोमल डीएनए. तो दर पिढीला साधारण निम्मा होतो: मुलीत 50 टक्के, नातीत सरासरी 25, तिच्या मुलांत 12.5, त्यांच्या मुलांत 6.25. बूथच्या भावाबहिणींच्या आजच्या वंशजांशी तुलना केली, तर नातं तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या चुलत भावंडांचं निघेल. अशा चौथ्या पिढीच्या साधारण निम्म्या जोड्यांमध्ये ओळखता येईल असा सामायिक तुकडाच सापडत नाही. म्हणून एका जोडीत काही जुळलं नाही याचा अर्थ दावा खोटा असा होत नाही. बरेच वंशज तपासावे लागतील. आणि जुळलं तरी उत्तर येईल 'बूथ घराणं', 'जॉन' नाही. जॉनला भाऊ होते.

नोंदी कुठे लागतात

हीच अडचण थॉमस जेफरसनच्या प्रकरणात आली होती. सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीची मुलं त्याची होती का, हा तिथला प्रश्न. 1998 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात जेफरसनच्या काकांच्या पुरुषवंशातलं वाय घेतलं. ते सॅलीचा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी जुळलं. थॉमस वुडसन हाही तिचाच मुलगा असं सांगणाऱ्या घराण्याशी मात्र जुळलं नाही. लेखाच्या मथळ्यात जेफरसनच बाप असल्याचं ठामपणे म्हटलं होतं. वाय मात्र एवढंच सांगत होतं की बाप जेफरसन घराण्यातला पुरुष होता. पुढे संशोधकांनीही ते मान्य केलं. त्या पुरुषांतला नेमका कोण, याकडे बोट दाखवलं ते नोंदींनी: सॅलीच्या प्रत्येक मुलाच्या जन्माआधी नऊ महिने जेफरसन माँटिसेलोला होता.

बूथच्या बाबतीतही असा मार्ग आहे. 1858 पासून तो रिचमंडच्या नाटक कंपनीत काम करत होता. नाटकांच्या जाहिराती आणि वर्तमानपत्रं यांवरून तो कधी कुठे होता याचं कोष्टक करता येतं. शेजारी आजीच्या मुक्कामांचं कोष्टक ठेवायचं. लग्नाची आणि जन्माची नोंद आठवणीतून नाही, त्या काळच्या दप्तरातून काढायची. हे काम डीएनएच्या आधीचं आहे आणि स्वस्तही आहे.

खरी गोम

आता दुसरा दावा पाहा. 26 एप्रिल 1865 ला व्हर्जिनियातल्या गॅरेटच्या शेतावर मारला गेलेला माणूस बूथच होता, हे हातावर गोंदलेली आद्याक्षरं, मानेवरचा शस्त्रक्रियेचा व्रण आणि दातांतलं फिलिंग यांवरून ठरलं होतं. व्रण ओळखणाऱ्या डॉ. मे यांना चेहरा पाहून आधी शंका आली होती. पळाल्याची कथा सांगणारे ती शंका आवर्जून देतात आणि पुढची ओळख गाळतात.

शवविच्छेदनात काढलेले मानेचे मणके अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयात आजही आहेत. त्यातून पुरेसा डीएनए निघाला, तर फॉरेस्टर यांच्या वंशजांशी थेट तुलना होईल. भावाबहिणींचा फेरा घ्यायला नको. यापेक्षा चांगली चाचणी नाही. पण समजा, जुळलं नाही. तर पुस्तकाचा समर्थक काय म्हणेल? "ते मणके बूथचे नव्हतेच, तो तर पळाला होता!"

पळून जाण्याचा दावा वंशाच्या दाव्याचं असं चिलखत होतो. वास्तविक ओगारिटा 1865 च्या आधी जन्मलेली, तिचा बाप कोण याचा पळण्याशी काही संबंध नाही. दोन्ही एकत्र बांधले की जुळलं तरी जिंकलो, नाही जुळलं तरी जिंकलो. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: आधी मणके कुणाचे ते एडविनच्या अवशेषांशी किंवा आईकडच्या वंशजांशी ताडून ठरवायचं, मगच वंश तपासायचा.

प्रत्यक्षात दोन्ही दारं बंद आहेत. बाल्टिमोरची कबर उकरण्याची मागणी कोर्टानं 1995 मध्ये नाकारली. पळाल्याची कथा पटण्याजोगी नव्हती, शव नेमकं कुठे आहे तेही पक्कं नव्हतं. 1996 मध्ये अपीलही फेटाळलं. मणक्याचा नमुना घेताना हाडाचा काही भाग नष्ट होतो, म्हणून संग्रहालयानंही नकार दिला. मला हे दोन्ही नकार योग्य वाटतात. एकदाच वापरता येणारं सँपल अशा प्रश्नावर खर्चायचं नसतं, ज्याचं उत्तर काहीही आलं तरी विचारणाऱ्याचं मत बदलणार नाही.

तुमच्या प्रपोजलला हीच कसोटी लावा. कागदावर दोन रकाने आखा: कुठला निकाल आला तर गृहीतक सोडेन, आणि कुठला आला तर अजून काहीच ठरलं नाही असं म्हणेन. पहिला रकाना रिकामा राहिला तर गाईडकडे सँपल मागायला जाऊ नका. आधी प्रश्न दोन तुकड्यांत तोडा.