ओव्हरक्लॉक केलं की गेम खरंच पळतो का?

हॉस्टेलवर हा वाद ठरलेला. कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो: डावीकडे साधा प्रोसेसर, उजवीकडे ओव्हरक्लॉक केलेला, खाली एफपीएसचे आकडे आणि शेवटी "इतके टक्के फायदा!" आज अशा तुलनांची जरा चिरफाड करू. गेमिंग हे निमित्त आहे. पीएचडीची तयारी करणाऱ्यांनी यातली पद्धत बघावी.

आधी दाव्याची भक्कम बाजू. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. मल्टिप्लायर ४.५ वर लॉक, बस ६६ मेगाहर्ट्झची. लोकांनी बस १०० वर नेली आणि ३०० चा प्रोसेसर ४५० वर चालायला लागला. थेट दीडपट! गेम्सना फायदा झालाच. पण बघा, इथे नुसता प्रोसेसरचा वेग बदलला नाही, बसही बदलली. म्हणजे मेमरीपर्यंतचा रस्ताही रुंद झाला. मग श्रेय कोणाला द्यायचं? दोन गोष्टी एकदम बदलल्या की हे सांगता येत नाही.

आता आजचा गेम घ्या. प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड साधारण समांतर काम करतात. जो हळू, तो वेग ठरवतो. उदाहरणासाठी धरू की प्रोसेसरला ८ मिलिसेकंद लागतात आणि कार्डला १४. म्हणजे सुमारे ७१ एफपीएस. प्रोसेसर १० टक्के वेगवान केला तर त्याचे ८ चे ७.३ होतील, पण कार्डाचे १४ तसेच. फायदा शून्य. आकडे उलटे केले, म्हणजे प्रोसेसरला १४ आणि कार्डला ८, तर फायदा होईल. पण त्या १४ पैकी ५ मिलिसेकंद मेमरीची वाट बघण्यात जात असतील, तर उरलेल्या ९ वरच परिणाम होईल. एफपीएस ७६ च्या आसपास, म्हणजे जेमतेम ६ टक्के वाढ. अॅमडालने १९६७ साली मांडलेला मुद्दा हाच: जो भाग सुधारला नाही, तो तुमच्या फायद्याला मर्यादा घालतो.

याचा उत्तम पुरावा म्हणजे २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी. त्याचा कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्झ, साध्या ५८००एक्सचा ४.७. तरी अनेक गेम्समध्ये कमी वेगाचा पुढे, कारण त्याची एल३ कॅश ३२ ऐवजी ९६ एमबी.

मग व्हिडिओवाले चुकतात कुठे? बऱ्याचदा चाचणी एकदाच घेतात. तीच चाचणी पाच वेळा चालवली तर काहीही न बदलता आकडे किती हलतात, ते सांगत नाहीत. तो हलण्याचा पट्टा माहीत नसेल तर ३ टक्के फायद्याला अर्थ नाही. सरासरी दाखवतात, पण खेळताना टोचतात त्या अडखळणाऱ्या फ्रेम्स. सर्वांत हळू १ टक्का फ्रेम्सचा आकडा वेगळा द्यायला हवा. आणि किंमत लपते: वारंवारता आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्के वाढवले तर प्रोसेसरची गतिमान वीज सुमारे ३३ टक्के वाढते. उष्णता वाढली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करू शकतो.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. दुसऱ्या वर्षी सेमिनारमध्ये मी माझा अल्गोरिदम ६ टक्के वेगवान असल्याचं मोठ्या थाटात सांगितलं. सरांनी एकच विचारलं, "आधी कोणता चालवला होतास?" माझा आधी, जुना नंतर. दर वेळी. तोवर मशीन तापलेलं. क्रम उलटा करून पाहिलं, तर ६ टक्के गायब! चार महिन्यांचे तक्ते पुन्हा करावे लागले.

म्हणून "ओव्हरक्लॉकिंगने फायदा होतो का?" हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणता गेम, कोणतं रिझोल्यूशन, कोणतं कार्ड, किती वेळा मोजलं, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. अडथळा प्रोसेसरच्या गणनेत असेल तर होतो, नाहीतर फक्त पंखा जोरात फिरतो. तुमच्या प्रस्तावातला "सुधारणा होते का?" असा प्रश्न आज एकदा काढून बघा. तोही असाच अर्धवट निघेल.