रिकाम्या मेमरीचा हव्यास

लॅपटॉप मंद चालू लागला की हल्ली एक ठरावीक विधी पार पाडला जातो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा; मेमरीच्या रकान्यात ८० किंवा ८५ टक्के दिसले की 'मेमरी भरली' असे निदान करायचे; आणि मग मेमरी साफ करणारा एखादा फुकट प्रोग्रॅम आणून त्याचे बटण दाबायचे. आकडा ४० वर येतो आणि सर्वांना हायसे वाटते. या विधीतील निदान आणि उपचार या दोन्हींवर आम्हांला येथे टीका करावयाची आहे. त्याबरोबर आम्हां विज्ञान-लेखकांच्या एका लाडक्या उपमेवरही, कारण या गैरसमजाला तीही काही अंशी जबाबदार आहे.

निमित्त घडले ते असे. जवळच्या एका माध्यमिक शाळेत लोकवर्गणीतून घेतलेले सहा लॅपटॉप होते. प्रत्येकात ४ गिगाबाइट मेमरी, फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. दुरुस्ती करणाऱ्याने ते पाहून 'मेमरी भरते, मशीनच जुनी झाली' असा निर्वाळा दिला होता आणि पुढील बैठकीत सहाही लॅपटॉप निर्लेखित करावयाचे ठरत होते. तेथील विज्ञानाच्या बाई त्यांतील एक घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "सर, सफाईचा प्रोग्रॅम टाकून झाला. आकडा खाली येतो, पण मशीन काही हलत नाही." या एका वाक्यात सगळे दुखणे आले होते.

मेमरी भरल्याने संगणक मंद का व्हावा, हा प्रश्न वर्गात फारसा विचारला जात नाही. रॅम या अक्षरांचे पूर्ण रूप मुलांना पाठ असते, वीज गेली की ती पुसली जाते हेही ठाऊक असते. पण मंदपणाशी तिचा संबंध काय, यावर गाडी अडते. उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. मेमरीतून एखादी गोष्ट मिळवायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या हार्ड डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद. हे अंतर एक लाख पटीचे आहे. मेमरीतील फेरी एका सेकंदाची मानली, तर डिस्कवरची फेरी २७ तासांहून अधिक काळाची होईल. नव्या यंत्रांतील एसएसडी मेमरीपेक्षा अंदाजे हजारपट मंद असते, म्हणजे याच मापाने सतरा-एक मिनिटे.

सर्व प्रोग्रॅम मेमरीत मावत नाहीत तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम त्यांची पाने करते. लागतील ती मेमरीत ठेवते आणि उरलेली डिस्कवर. ही युक्ती मँचेस्टर येथील ॲटलस संगणकाची. १९६२ साली कार्यान्वित झालेल्या या यंत्राच्या मुख्य स्मृतीत ५१२ शब्दांची अवघी ३२ पाने मावत. बाकीची फिरत्या ड्रमवर असत. युक्ती उत्तम, पण तिला एक कडा आहे. चालू कामाला लागणारी पानेच मेमरीत मावेनाशी झाली, तर एक पान आत आणण्यासाठी जे बाहेर टाकावे, त्याचीच पुढच्या क्षणी गरज पडते. मग यंत्र काम सोडून केवळ ने-आण करीत बसते. यास थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली त्याची कारणमीमांसा केली आणि एखाद्या प्रोग्रॅमला विशिष्ट काळात खरोखर लागणाऱ्या पानांच्या समूहाला 'वर्किंग सेट' हे नाव दिले.

तेव्हा मेमरी किती टक्के भरली यापेक्षा पानांची डिस्कशी ने-आण सतत चालू आहे काय, हे पाहिले पाहिजे. हे दोन प्रश्न एकच वाटतात, पण तसे नाहीत. आणि येथेच ती उपमा आडवी येते. मेमरी म्हणजे टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट, असे आम्हीही अनेकदा लिहिले आहे. टेबल जितके रिकामे तितके चांगले, असे वाचकाने त्यावरून ताडले तर दोष त्याचा नाही. वस्तुतः विनावापर मेमरीचा कोणाला काही उपयोग नसतो. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम नुकत्याच वाचलेल्या फायली, बंद केलेल्या प्रोग्रॅमचे भाग इत्यादी मोकळ्या जागेत राहू देते. पुन्हा लागले तर डिस्कवर जावे लागत नाही, आणि दुसऱ्या कोणाला जागा हवी असेल तर ती तत्काळ देता येते. स्वयंपाकघरातील ओटा आणि माळा यांची उपमा आम्हांला आता बरी वाटते. वापरलेला डबा ओट्यावर जागा आहे तोवर तेथेच राहू देणारी गृहिणी आळशी नसते. उलट, पाहुणे यायच्या तोंडावर सगळे डबे माळ्यावर चढवून 'बघा, ओटा कसा लख्ख' म्हणणारा नातलग घरात असला, तर चहा मिळायला किती वेळ लागेल?

सफाईचे प्रोग्रॅम नेमके हेच करतात. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला त्याची पाने सोडून द्यायला लावतात, किंवा स्वतःच प्रचंड मेमरी मागून घेऊन इतरांना बाहेर ढकलतात आणि मग ती परत करतात. आकडा उतरतो. पण सोडलेली पाने लगेच पुन्हा लागतात, आणि ती ओढून आणण्याचे काम मूळ कामावर जादा बसते.

बाईंनी आणि त्यांच्या दोन विद्यार्थिनींनी हे मोजून पाहिले. पद्धत साधी होती: यंत्र नव्याने सुरू करावे, दहा मिनिटे थांबावे, मग जीवशास्त्राची एक ठरलेली चित्रमालिका उघडून स्टॉपवॉचने वेळ घ्यावी, प्रत्येक मोजणी तीनदा. प्रारंभी मेमरी ८४ टक्के आणि वेळ ४८ सेकंद. सफाईनंतर मेमरी ४३ टक्के, वेळ एक मिनिट वीस सेकंद. आणि दोन मिनिटांत आकडा पुन्हा ८१. दर वेळी यंत्र नव्याने का सुरू करावे, हे एका मुलीने विचारले. कारण तीच चित्रमालिका लागोपाठ दुसऱ्यांदा उघडली तर वेळ बराच कमी येतो. पहिल्या खेपेची पाने ओट्यावरच असतात ना!

या व्यवसायातील फसवणुकीचा इतिहास जुना आहे. १९९५ साली अमेरिकेत 'सॉफ्टरॅम ९५' नावाचा प्रोग्रॅम मेमरी दुप्पट करण्याच्या आश्वासनावर विकला गेला. लाखो प्रती खपल्या. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी तो उलगडून पाहिला, तेव्हा माहिती दाबून बसवण्याचे जे काम तो करतो असे सांगितले जात होते, ते होतच नव्हते असे आढळले. पडद्यावर मात्र वाढलेल्या मेमरीचे आकडे दिसत. १९९६ साली तेथील व्यापार आयोगाने कंपनीवर कारवाई केली. आजचे सफाईवाले तितके खोटे नाहीत. त्यांचा आकडा खरोखर उतरतो. तो आकडा उतरवणे निरर्थक आहे, एवढेच.

मापनयंत्रावरही थोडी टीका करणे प्राप्त आहे. दुसऱ्या मुलीने टास्क मॅनेजरमधील सर्व प्रोग्रॅमांपुढचे आकडे वहीत उतरवून बेरीज केली. ती सुमारे दोन गिगाबाइट आली, तर वर ८४ टक्के म्हणजे सव्वातीनहून अधिक. "सर, बेरीज जुळत नाही." जुळणारच नाही. त्या यादीत प्रत्येक प्रोग्रॅमचा खासगी भाग तेवढा असतो. सामायिक पाने, ड्रायव्हर, ऑपरेटिंग सिस्टिमचा स्वतःचा वाटा त्यात येत नाही. हे पडद्यावर सांगितलेले नसते. ॲपलने २०१३ साली मेमरीवरील 'ताण' दाखवणारा आलेख दिला. लिनक्सने २०१४ साली 'रिकामी' मेमरीखेरीज 'उपलब्ध' मेमरी असा वेगळा आकडा दिला. दोन्ही सुधारणा योग्य दिशेच्या आहेत. विंडोजमध्ये मात्र रिसोर्स मॉनिटर उघडून मेमरीच्या पानावर सेकंदाला किती 'हार्ड फॉल्ट' होतात हे पाहावे लागते, म्हणजे किती वेळा डिस्कवर जावे लागले. प्रोग्रॅम प्रथम उघडताना हा आलेख उसळणारच. यंत्र स्वस्थ असतानाही तो उसळलेला राहिला तर ते लक्षण.

बाईंच्या लॅपटॉपवर तो दोनशे-तीनशेच्या घरात सतत नाचत होता. मूळ कारण सापडायला तासभर लागला: दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू होते आणि दोघेही प्रत्येक फाइल तपासत होते. शिवाय यंत्राबरोबर आपोआप सुरू होणारे चार प्रोग्रॅम, आणि कालची वीस पाने रोज पुन्हा उघडणारा ब्राउझर. एक अँटिव्हायरस काढला, आपोआप सुरू होणारे थांबवले, ब्राउझरची सवय मोडली. हार्ड फॉल्ट बहुतेक वेळ शून्यावर आले. चित्रमालिका १४ सेकंदांत उघडू लागली. आणि मेमरी? ७४ टक्के. सफाईने आकडा निम्म्यावर आणला आणि यंत्र बिघडवले. उपचाराने आकडा दहानेच उतरला आणि यंत्र सुधारले.

निव्वळ आकडाच दुखणे दाखवतो असा एक प्रसंग असतो, तो सांगितला पाहिजे. एखाद्या सदोष प्रोग्रॅमची मेमरी काही न करता तासागणिक वाढतच जाते. तेथे तो बंद करून पुन्हा सुरू करणे आणि नवी आवृत्ती घेणे, हाच उपाय. पण हेही एका वाचनात कळत नाही. दर पंधरा मिनिटांनी नोंद करून आलेख काढावा लागतो.

उरलेल्या पाचांपैकी चार याच रीतीने मार्गी लागले. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, हा प्रश्न त्यांच्यापुढे आहेच. तो वेगाचा नसून सुरक्षिततेचा आहे, आणि दोन यंत्रांवर बाई लिनक्स घालून पाहत आहेत. सहावा लॅपटॉप वेगळा निघाला. त्याची मेमरी अवघी ५८ टक्के, तरीही सर्वांत मंद, आणि डिस्क सदैव १०० टक्के व्यग्र. तिची स्वयंतपासणी वाचली तर खराब झालेल्या भागांची संख्या वाढत होती. मेमरीचा तेथे संबंधच नव्हता. सफाईचे बटण त्यावरही रोज दाबले जात होते, म्हणजे मरू घातलेल्या डिस्कला रोज जादा धावायला लावले जात होते. मुलांनी गावातील विहिरींच्या पाणीपातळीच्या सात वर्षांच्या नोंदी ठेवल्या होत्या, त्या फक्त याच यंत्रात होत्या. यंत्र आणखी न तपासता आम्ही प्रथम त्या बाहेर काढायला घेतल्या. नकल व्हायला सहा तास लागले. दोन महिन्यांच्या नोंदी वाचता आल्या नाहीत, बाकीच्या मिळाल्या.