किंमत न मोजणारा जादूगार

पॅट्रिक रॉथफस या अमेरिकन लेखकाची ‘द नेम ऑफ द विंड’ ही पहिलीच कादंबरी २००७ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर स्तुतीचा वर्षाव झाला. स्तुती करणाऱ्यांत अर्सुला ली ग्विन यांच्यासारख्या थोर लेखिकाही होत्या. एवढ्या गाजावाजाने आलेली ही कादंबरी वाचून संपवल्यावर मन मात्र रितेच राहते. असे का व्हावे?

कथानक मोठे आकर्षक आहे. क्वोथ हा एके काळचा विख्यात जादूगार नाव बदलून एका खेड्यात खानावळ चालवतो आहे. एका बखरकाराला तो आपली जीवनकथा तीन दिवसांत सांगावयाचे कबूल करतो. हे पुस्तक म्हणजे त्यातला पहिला दिवस. फिरत्या नाटकमंडळीतले बालपण, आईबापांची हत्या, शहरातील भीकमाग्या जिणे आणि मग जादूचे विद्यापीठ असा हा प्रवास आहे.

गुण नाकारण्याचे कारण नाही. येथील जादूला हिशेब आहे. दोन वस्तूंत दुवा जोडून एकीवरची क्रिया दुसरीवर उतरवायची. पण त्यासाठी लागणारी उष्णता कोठून तरी आणावीच लागते. फीच्या पैशांसाठी सावकारणीच्या दारी जाणारा गरीब विद्यार्थी तर आपल्या ओळखीचाच वाटतो.

दुर्दैव असे की, जादूला लावलेला हा हिशेब लेखकाने नायकाला लावलेला नाही. पंधराव्या वर्षी क्वोथ विद्यापीठात जातो, तर फी घेण्याऐवजी विद्यापीठच त्याला पैसे देते! वाजवताना वाद्याची तार तुटते, तरी मानाचे पदक त्यालाच. फटक्यांची शिक्षा होते, तर रक्त थांबवणारे औषध आधीच घेतल्यामुळे तिच्यातूनही त्याला एक नवी पदवीच मिळते. प्रत्येक संकट टाळ्यांसाठी उभे केले आहे, हे एकदा ध्यानात आले की वाचकाला धाकधूक कसली वाटणार? आईबापांचे मारेकरी दूरच राहतात आणि पाने परीक्षा, भांडणे व एका गूढ तरुणीची वाट पाहणे यांत खर्ची पडतात.

चाहते म्हणतात, कथा नायकच सांगतो आहे. तो बढाई मारणारच. मान्य. परंतु ती बढाई तपासून पाहणारी दुसरी नजर पुस्तकात जवळजवळ नाहीच. श्रोते बहुधा ऐकूनच घेतात.

गंमत अशी की, खऱ्या नावात शक्ती असते ही कल्पना ली ग्विनबाईंनी १९६८ सालच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’त कितीतरी थोड्या पानांत फुलवली होती. त्यांचा गेड हाही हुशार आणि गर्विष्ठ विद्यार्थी. पण त्याच्या गर्वापायी एक काळी छाया जगात शिरते, वृद्ध गुरूंचा प्राण जातो आणि चेहऱ्यावर जन्माचे व्रण राहतात. ते वाचताना आपणही दचकतो, कारण चुकीची किंमत तेथे खरोखर मोजावी लागते.

रॉथफस यांचा दुसरा भाग २०११ साली आला. तिसऱ्याची वाट पाहण्यात वाचकांचे एक तप उलटून गेले. ती वाट ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी खुशाल पाहावी. सुट्टीत घरातल्या मुलांना अद्भुताची गोडी लावावयाची असेल, तर मात्र गेडची लहानशी कथा आधी त्यांच्या हाती द्यावी.