‘सत्तांतर’, सातवी इयत्ता आणि एक गाळलेले पान

गेल्या वर्षी माझी मुलगी सातवीत असताना तिच्या शाळेतल्या इंग्रजीच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून एक प्रयोग केला. इंग्रजीच्या तासाला रोझॅन पॅरी यांची ‘अ वुल्फ कॉल्ड वाँडर’ ही २०१९ सालची कादंबरी, आणि त्याच आठवड्यांत विज्ञानाच्या तासाला परिसंस्था, म्हणजे अन्नसाखळी, अधिवास, शिकारी आणि भक्ष्य वगैरे. कल्पना मला इतकी आवडली की आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांच्या रविवारच्या वर्गात मी तिची सरळ नक्कल केली. पुस्तक निवडले व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’. ते थोडे महागात पडले, पण त्याविषयी पुढे. मी साहित्याचा अभ्यासक नव्हे. डॉक्टरेट इंजिनियरिंगची, पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. तेव्हा हे परीक्षण एका हौशी वाचकाचे समजावे.

आधी लांडग्याविषयी. पॅरीबाईंच्या कादंबरीमागे एक खराखुरा लांडगा आहे. ईशान्य ऑरेगनमध्ये २०११ च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधला गेला आणि त्याचे नाव पडले ओआर-७. त्या सप्टेंबरात तो आपला कळप सोडून निघाला, शेकडो मैल भटकला आणि डिसेंबरअखेर कॅलिफोर्नियात शिरला. १९२४ नंतर त्या राज्यात रानटी लांडगा असल्याची ती पहिली नोंद. २०१४ मध्ये त्याला जोडीदारीण मिळाली, पिल्ले झाली. कादंबरीत हा प्रवास लांडगा स्वतःच ‘मी’ म्हणून सांगतो. वाटेतला वास, भूक, रस्ते ओलांडतानाची भीती हे सगळे मुलांना धरून ठेवते. पुस्तक चांगले आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्याच्याबरोबर आलेल्या वर्कशीटबद्दल. ‘या प्रकरणातून लांडग्यांविषयी पाच तथ्ये शोधा. प्रत्येकासमोर खरे की खोटे ते लिहा.’ पुढच्या आठवड्यात पुन्हा पाच. म्हणजे कादंबरी हे तथ्यांचे गाठोडे, आणि ते सोडून विज्ञानाच्या तासाला तपासायचे. लांडगा ‘मी’ म्हणतो हे विज्ञानाच्या दृष्टीने चूक आहे, असेही एका कागदावर मुलांकडून लिहून घेतले होते. मुलीने निमूटपणे लिहिले आणि गुणही मिळवले. पण दोन विषय शेजारीशेजारी बसवून त्यांची ओळख मात्र कोणी करून दिली नाही, असे मला वाटत राहिले.

ओळख करून द्यायची तर ती कशी, याचे उत्तम उदाहरण इंग्रजीतच आहे. रिचर्ड अ‍ॅडम्स यांनी ‘वॉटरशिप डाउन’ (१९७२) ही सशांची कादंबरी लिहिताना आर. एम. लॉकली यांच्या १९६४ च्या सशांवरील पुस्तकाचा आधार घेतला होता. बिळात फार गर्दी झाली की सशिणीच्या पोटातले गर्भ आतल्या आत विरघळून जातात, हे लॉकलींनी नोंदवलेले निरीक्षण. अ‍ॅडम्स ते माहिती म्हणून देऊन थांबत नाहीत. एफ्राफा नावाच्या जुलमी वसाहतीतल्या सशिणी तिथून पळायला का तयार होतात, याचे कारणच ते आहे. आता याच्यापुढे ‘खरे की खोटे’ लिहून काय हाती लागणार? गर्दी म्हणजे काय, ती कोणाला आधी जाणवते आणि कोण ती मान्य करत नाही, हा प्रश्न विचारला तर दोन्ही शिक्षकांना आठवडाभराचे काम आहे.

‘सत्तांतर’ १९८२ साली आले आणि १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. छोटीशी कादंबरी: वानरांची एक टोळी, तिचा नर, माद्या, पिल्ले, आणि बाहेरून चालून येणारे नर. जुना नर हुसकला जातो, नवा येतो, आणि येताना अंगावरची पिल्ले मारतो. माझ्या वडिलांनी मला हे पुस्तक पंधराव्या वर्षी दिले, ते ‘राजकारण समजून घे’ असे सांगून. आणीबाणी आणि १९७७ चा सत्ताबदल ज्यांनी पाहिला त्या वाचकांना हे शीर्षक वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचे वाटले तर नवल नाही. मीही कित्येक वर्षे ते तसेच वाचले. वानर म्हणजे पुढारी. पंचतंत्रावर वाढलेल्या माणसाला प्राणी दिसला की आतला माणूस शोधायची खोडच असते.

इथल्या मुलांना ती खोड नाही, आणि हीच गोष्ट मला वर्गात पहिल्यांदा शिकायला मिळाली. त्यांना ना आणीबाणी माहीत, ना जनता पक्ष. त्यांना वानर हे वानरच दिसले. अडचण होती ती शब्दांची. ‘माकड’ आणि ‘वानर’ हे दोन वेगळे प्राणी आहेत, एक लाल तोंडाचे आखूड शेपटीचे, दुसरे काळ्या तोंडाचे लांब शेपटीचे, इथपासून सुरुवात. ‘हुप्प्या’ या शब्दावर तर वर्ग बेहद्द खूश झाला. आता पार्किंग लॉटमध्येही एकमेकांना त्याच नावाने हाका मारतात. एका मुलाने विचारले, “काका, मग वाली आणि सुग्रीव हेसुद्धा सत्तांतरच ना?” मी म्हटले, “हो, आणि मधे तारा आहे हे विसरू नकोस.”

माझ्याजवळ पुस्तकाची एकच प्रत, म्हणून मी मोठ्याने वाचायचो आणि मुले फळ्यावर टोळीची हजेरी ठेवायची. ही कल्पना माझ्या मुलीची, शाळेतल्या विज्ञानाच्या वहीतून उचललेली: नर किती, माद्या किती, पिल्ले किती, आज कोण दिसले. पिल्लू मारले जाते ते पान आले त्या रविवारी वर्गात दोन लहान भावंडेही येऊन बसली होती. माझा धीर झाला नाही. मी दीड पान गाळले आणि आवाज न बदलता पुढे वाचत गेलो. कोणाला कळणार, असे वाटले.

तास संपताना मुलगी फळ्यापाशी उभी होती. म्हणाली, “बाबा, हजेरी जुळत नाहीये. एक पिल्लू कमी आहे.”

मी म्हटले, “असेल कुठेतरी मागे.”

“मागे असेल तर आई मागे का वळत नाही?”

गाडीत बसल्यावर मी कबूल केले. ती रागावली, पिल्लू मेल्यापेक्षा मी ते लपवले याचा तिला जास्त राग होता. पुढच्या रविवारी लहान भावंडांना खेळायला पाठवून ते पान मी जसेच्या तसे वाचले. माडगूळकर तिथे कुठेही हुंदका देत नाहीत आणि का घडले तेही सांगत बसत नाहीत. वर्ग गप्प होता. मग सगळ्यांचा एकच प्रश्न: का?

इथे विज्ञानाचा तास सुरू होतो, आणि गंमत अशी की त्या विज्ञानाकडेही बरीच वर्षे एकच उत्तर नव्हते. १९५८ ते १९६० च्या दरम्यान फिलिस जे, पुढच्या फिलिस डॉल्हिनो, यांनी उत्तर आणि मध्य भारतात वानरांचा अभ्यास केला; त्यांना दिसलेल्या टोळ्या शांत होत्या. त्यानंतर लगेचच युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञांनी धारवाडजवळ नवा नर टोळी ताब्यात घेतो आणि पिल्ले मरतात हे पाहिले. १९७१ मध्ये सारा हर्डी अबूला गेल्या आणि १९७७ च्या ‘द लंगूर्स ऑफ अबू’ या पुस्तकात त्यांनी मांडले की यात नराचा प्रजननाचा फायदा आहे. मादी अंगावर पाजत असेपर्यंत पुन्हा माजावर येत नाही, आणि नराचा अंमल अनेकदा दोन-तीन वर्षांपेक्षा टिकत नाही. त्याला थांबायला वेळ नाही. डॉल्हिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नाकारले. त्यांच्या मते माणसाने जंगल तोडले, वानरे गावांभोवती दाटीने राहू लागली, आणि हा हिंसाचार त्या बिघडलेल्या परिस्थितीचे लक्षण होता.

‘सत्तांतर’ आले ते हा वाद पेटलेला असताना. पर्यावरण शिकवायला याहून चांगला प्रश्न मला सुचत नाही: हे वागणे त्या प्राण्याचे आहे, की आपण त्याला दिलेल्या जागेचे? वर्गात दोन तट पडले आणि मी, सवयीप्रमाणे, पुरावा काय लागेल ते लिहायला सांगितले. एका मुलीने लिहिले, ‘मारणारा नर त्या पिल्लाचा बाप नव्हता हे सिद्ध करा.’ नेमका तोच पुरावा १९९९ मध्ये नेपाळातल्या रामनगरच्या जंगलातून आला: डीएनए तपासणीत हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नसल्याचे दिसले. पारडे हर्डी यांच्या बाजूने झुकले. गर्दीचा प्रश्न मात्र त्याने संपत नाही, हेही मुलांना सांगितले.

आता कादंबरीवरचा माझा एक आक्षेप. तो शीर्षकाला आहे. वानरांमध्ये माद्या सहसा जन्मभर आपल्या टोळीतच राहतात. नर मोठे झाले की बाहेर पडतात. पाणवठा कुठे, कोणते झाड कधी फळते, ही माहिती आई-मुली-मावश्यांच्या जवळ. पिल्लावर चालून आलेल्या नराला म्हाताऱ्या माद्याही भिडतात, असे हर्डी यांनी नोंदवले आहे. मग सत्ता बदलली ती कोणाची? वर्गातली एक मुलगी म्हणाली, “काका, घर तर त्यांचंच आहे. तो फक्त येतो आणि जातो.” माडगूळकरांसारख्या जंगल पायाखाली घातलेल्या माणसाला हे दिसत नव्हते असे मी म्हणणार नाही. पण शीर्षक वाचकाची नजर सिंहासनावर नेऊन ठेवते, आणि माझ्यासारखे वाचक तीस वर्षे तिथेच बघत बसतात.

सत्र संपल्यावर एका पालकांचा फोन आला. “अहो, मुलं घरी येऊन पिल्लं मारल्याच्या गोष्टी सांगतात. मराठी शिकवायला दुसरं काही मिळालं नाही का?” त्यांचा राग मला समजतो, तीच भीती वाटून मी दीड पान गाळले होते. मी त्यांना इतकेच म्हटले की मुलांबरोबर बसून एकदा फळ्यावरची हजेरी बघा. ते आले, बसले आणि जाताना पुस्तक मागून घेऊन गेले. अजून परत आलेले नाही.

पुढच्या सत्रात आठ मुले आहेत आणि हाताशी एकही प्रत नाही. डिसेंबरात पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांनी सामानात जागा असल्यास ‘सत्तांतर’च्या दोन-दोन प्रती आणाव्यात. पैसे मी देईन. या वेळी प्रत्येकाच्या हातात पुस्तक असेल, म्हणजे मला पान गाळता येणार नाही.