हात टेकणारा मल्ल

हरणे निराळे आणि हार मानणे निराळे. पहिली गोष्ट माणसावर ओढवते. दुसरी त्याला आपल्या हातांनी करावी लागते. म्हणूनच कथेतला मल्ल चीत झाला तर प्रेक्षक हळहळतो, पण त्याने ‘पुरे’ म्हटले की तोच प्रेक्षक रागावतो. हात टेकल्याने मल्लाची व्यक्तिरेखा दुबळी होते काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी पोराटोरांच्या भांडणातला वाटेल. परंतु व्यक्तिरेखेचे सामर्थ्य कशात असते, ह्या वाङ्मयातल्या जुन्याच प्रश्नाचे ते एक रूप आहे. आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तरी तो नुसता वाङ्मयाचा प्रश्न राहत नाही.

आमच्याकडे कुस्त्यांच्या मैदानाला ‘दंगल’ म्हणतात. पुसद-दिग्रसकडे असो की वणी-दारव्ह्याकडे, दंगलीतला न्याय एकच: पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली झाली. फारच वेळ निकाल लागेना, तर जोड बरोबरीत सोडवतात. पडलेला गडी अंगावरची माती झटकून उठतो. ‘मी हरलो’ असे म्हणण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. ते त्याच्या पाठीवरची मातीच सांगते. घरोघरची नातवंडे दूरचित्रवाणीवर जी अमेरिकन कुस्ती पाहतात, तिचे तसे नाही. तिथे पकडीत पाय किंवा गळा अडकलेला मल्ल हाताने थापट्या मारून हार कबूल करतो, आणि घंटा वाजते. ह्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. तेवढ्याने तिला टाकाऊ ठरवण्याचे कारण नाही. नाटकाचा शेवटही आधी ठरलेलाच असतो. निकाल ठरलेला असतो म्हणूनच तिथे ‘कोण जिंकला’ यापेक्षा ‘कसा हरला’ ह्या प्रश्नाला किंमत येते. मल्ल हा पात्र होतो, आणि पात्र म्हटले की समीक्षेला त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार पोचतो.

थापट्या मारण्याच्या त्या खुणेला मराठीत शब्द तयारच आहे: हात टेकणे. आपल्या भाषेने शरणागतीच्या छटा मोठ्या चोखंदळपणे वेगळ्या ठेवल्या आहेत. ‘नांगी टाकली’ म्हणण्यात तिरस्कार आहे, ‘शेपूट घातली’ म्हणण्यात टवाळी आहे. पण ‘तुझ्यापुढे हात टेकले रे बाबा’ असे आई लेकराला लाडानेच म्हणते, आणि निष्णात वैद्याने हात टेकले म्हणून त्याची विद्या कोणी खोटी ठरवीत नाही. म्हणजे हात टेकणाऱ्याला दुबळा समजायचे की नाही, हे भाषेने प्रसंगावर सोपवले आहे. प्रसंग पारखायचा कसा, एवढेच पाहायचे.

मल्लविद्येच्या आपल्या परंपरेत कुस्तीचे चार प्रकार सांगतात: भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी. पहिली बळाची, दुसरी कौशल्याची; जांबुवंतीत प्रतिस्पर्ध्याला असे जखडायचे की त्याने हार मानावी; आणि जरासंधीत सांधे मोडायचे. आता मौज पाहा. जखडून हार मानायला लावणाऱ्या कुस्तीला ज्याचे नाव, तो जांबुवंत स्वतःच हार मानलेला मल्ल आहे! गणेशचतुर्थीला चुकून चंद्र दिसला म्हणजे वडीलधारी मंडळी स्यमंतक मण्याची जी कथा ऐकवतात, तिच्यातच ही झुंज आहे. भागवतात कृष्ण आणि जांबुवंत गुहेमध्ये २८ दिवस, रात्र नाही की दिवस नाही, असे झगडतात. कृष्णाच्या मुष्टिप्रहारांनी म्हाताऱ्या अस्वलाचे सांधे ढिले होतात, अंग घामाने निथळते. आणि त्या क्षणी समोर कोण उभे आहे हे त्याला ओळखू येते. तो शरण जातो, मणी देतो, कन्या जांबवती देतो. कृष्ण त्याच्या दुखऱ्या अंगावरून हात फिरवतो. ही कथा ऐकून जांबुवंताला दुबळा म्हणणारा श्रोता मला अजून भेटलेला नाही.

कथाकाराने येथे तीन गोष्टी साधल्या आहेत. हार मानण्यापूर्वी त्याने आपल्या मल्लाला पुरता अवधी दिला. ती हार नुसत्या वेदनेतून न आणता ओळखीतून आणली. आणि हरल्यावरही त्याच्या हातात देण्याजोगे काही शिल्लक ठेवले. अवधी, ओळख आणि औदार्य. हात टेकणाऱ्या कोणत्याही मल्लाला ह्या तीन कसोट्या लावून पाहाव्यात.

बाकीच्या तिघांचे काय? वनपर्वात भीमाला हनुमंताची शेपटी दोन्ही हातांनीही हलत नाही. तो लाजून मान खाली घालतो आणि क्षमा मागतो. त्याची गदा त्यामुळे गुंजभरही हलकी झाली नाही. खुद्द हनुमंताने लंकेत ब्रह्मास्त्राचे बंधन मानून घेतले. अखेरपर्यंत न वाकणारा उरतो तो एकटा जरासंध. सभापर्वात कार्तिकाच्या पहिल्या दिवशी सुरू झालेली त्याची झुंज त्रयोदशीपर्यंत चालते. चतुर्दशीच्या रात्री तो थकून थांबतो, पण ‘पुरे’ म्हणत नाही, आणि भीमाच्या हातून मरतो. जरासंधाचा दरारा वाटतो. जांबुवंताविषयी वाटते ती माया त्याच्याविषयी वाटत नाही.

ह्यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप येईल, आणि तो त्या अमेरिकन आखाड्यातूनच येईल. २३ मार्च १९९७ रोजी शिकागोजवळ ब्रेट हार्टने स्टीव्ह ऑस्टिनला पायांच्या पकडीत जखडले. ऑस्टिनचा चेहरा रक्ताने माखला, तो शुद्ध हरपून पडला, पण त्याने थापटी मारली नाही. पंचाने कुस्ती थांबवली. हरलेला ऑस्टिन त्या रात्री लोकांचा झाला आणि पुढे त्या आखाड्यातला सर्वांत लोकप्रिय नायक ठरला. मग न मानलेली हारच श्रेष्ठ नव्हे काय?

प्रसंग थोर होता, यात शंका नाही. पण त्याचा दुसरा परिणामही पाहिला पाहिजे. जिंकलेला हार्ट बेशुद्ध माणसाला पुढेही मारीत राहिला आणि लोकांनी त्याची हुर्यो केली. हार न मानणारा मल्ल मोठा होतो तो बहुधा समोरच्याला लहान करून. जांबुवंताच्या गुहेतून मात्र दोघेही मोठे होऊन बाहेर पडतात. शिवाय बेशुद्धीचा डाव एकदाच शोभतो. प्रत्येक नायक जर बेशुद्ध पडेपर्यंत झुंजू लागला, तर त्या हट्टाला किंमत उरत नाही. ती एक लकब होऊन बसते.

ह्याचे उलट टोक म्हणजे जॉन सीना. ‘हार मानू नका’ हे ज्याचे ब्रीद आणि व्यवसायही, अशा ह्या मल्लाने १३ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टन येथे आपल्या शेवटच्या कुस्तीत, वयाच्या ४८ व्या वर्षी, गुंथरच्या गळपकडीत हात टेकले. तेही किंचित हसून. प्रेक्षक खवळले. माझ्या मते त्यांचा राग निम्मा रास्त होता. अवधीची कसोटी येथे उतरते. सीना पुष्कळ झुंजला. औदार्याचीही उतरते, कारण जाणारा मल्ल येणाऱ्याला आपले नाव देऊन गेला. उणी पडली ती ओळख. त्या क्षणी त्याला काय उमगले? आपले वय? समोरच्याचे बळ? त्या हास्यात ते असेलही. पण जे ब्रीद वीस वर्षे ओरडून सांगितले, ते एका हास्यात सोडवून दाखवणे प्रेक्षकाला पुरत नाही. दोष हात टेकण्याचा नाही. त्याची वाट तयार न करण्याचा आहे.

ती वाट कशी तयार करावी हे पाहायचे असेल, तर ‘दंगल’ (२०१६) हा हिंदी चित्रपट पुन्हा पाहावा. शिकून आलेली गीता घरच्या मातीत वडिलांना पाडते. बाप धापा टाकतो. मुलगी जिंकते, आणि प्रेक्षकाला ती त्या क्षणी लहान वाटू लागते. पुढे परदेशातल्या कुस्त्या हरल्यावर ती वडिलांना दूरध्वनी करते, रडते, क्षमा मागते. पाठ मातीला न लागता झालेली ही खरी शरणागती. चित्रपटाच्या अखेरचा विजय आपल्याला पटतो तो ह्या दूरध्वनीमुळे. ज्या गीताने हात टेकले, तीच पुढे सुवर्णपदक घेते.

आता आमच्या जिल्ह्याची गोष्ट. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळचे नाव वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा आले. त्यांची कारणे कर्जात, पावसावर सोडलेल्या कापसात आणि न मिळणाऱ्या भावात आहेत, गोष्टीतल्या कुस्तीत नाहीत, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु अडचणीत सापडलेल्या कर्त्या पुरुषाला ‘मला आता झेपत नाही’ हे घरच्यांपाशी बोलण्याची जी लाज वाटते, ती थोडी का होईना गोष्टींतून आलेली असते. मोडेन पण वाकणार नाही, हे वाक्य आपण मुलांना फार लवकर शिकवतो. जरासंधही तेच करून गेला, हे सांगायचे राहून जाते.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांमध्ये ‘आपला गडी लेचापेचा निघाला’ असा वाद पेटला, तर वडीलधाऱ्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये. तो किती झुंजला, त्याने काय ओळखले आणि जाताना काय दिले, एवढे तीन प्रश्न मुलांना विचारावेत. आणि फराळाचे ताट पुढे ठेवून जांबुवंताच्या गुहेतले ते २८ दिवस, शेवटी कृष्णाचा हात त्याच्या पाठीवरून फिरेपर्यंत, सावकाश सांगावेत.