दोन नकार : हॅरल्ड लारवुडच्या कारकिर्दीचा पुनर्विचार

खेळाडूच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना टीकाकार बहुधा आकड्यांवर विसंबतो. हॅरल्ड लारवुड ह्या इंग्लिश जलदगती गोलंदाजाच्या बाबतीत आकडे काही उणे नाहीत. प्रथम दर्जाच्या ३६१ सामन्यांत त्याने १७.५१ च्या सरासरीने १,४२७ बळी घेतले. २१ कसोटी सामन्यांत ७८ बळी मिळवले. परंतु १९३२-३३ च्या ऑस्ट्रेलिया-दौऱ्यात ३३ बळी घेऊन मालिका जिंकून देणारा हा गोलंदाज, त्याच मालिकेच्या अखेरच्या सामन्यानंतर, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी इंग्लंडच्या संघातून कायमचा नाहीसा का झाला, ह्या प्रश्नापाशी आकडे मुके होतात.

ह्या प्रश्नाची दोन उत्तरे रूढ आहेत. एका मताने लारवुड हा खेळाची मर्यादा ओलांडणारा आक्रमक होता. दुसऱ्या मताने तो कर्णधाराच्या हातचे हत्यार होता, आणि प्रकरण अंगाशी येताच त्यालाच होळीचे नारळ करण्यात आले. आज हे दुसरे मत अधिक प्रिय आहे. ते सहानुभूतीचे आहे खरे. पण ते पुरते न्यायाचे आहे काय, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

तत्कालीन इंग्लिश क्रिकेटची घडण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. खेळाडूंचे हौशी आणि धंदेवाईक असे दोन वर्ग होते. त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत, आणि धावपत्रकावर त्यांची नावे छापण्याची रीतही वेगळी असे. कर्णधारपद हौशी वर्गाकडे राहावे, असा संकेत होता. १९५२ मध्ये लेन हटन इंग्लंडचा कर्णधार झाला, तेव्हा तो मोडल्याची केवढी चर्चा झाली! हा भेद अधिकृतपणे रद्द व्हावयास १९६२ साल उजाडावे लागले. लारवुड १९०४ मध्ये नॉटिंगहॅमशायरमधील खाणकामगारांच्या वस्तीत जन्मला आणि चौदाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत कामाला लागला. चेंडू टाकणे ही त्याची रोजी होती. त्याचा कर्णधार डग्लस जार्डिन १९०० मध्ये आपल्या मुंबईत, एका वकिलाच्या घरी जन्मला आणि ऑक्सफर्डमध्ये शिकला. हुकूम देणारा आणि हुकूम पाळणारा ही नाती मैदानावर येण्यापूर्वीच ठरलेली होती.

१९३० च्या मालिकेत ब्रॅडमनने ९७४ धावा केल्या होत्या. त्याला रोखण्यासाठी जार्डिनने जी योजना आखली, तीच पुढे 'बॉडीलाइन' म्हणून कुप्रसिद्ध झाली. आखूड टप्प्याचा वेगवान चेंडू फलंदाजाच्या अंगावर उसळवावयाचा आणि बचावासाठी बॅट पुढे येताच उडणारा झेल टिपण्यास लेगच्या बाजूला क्षेत्ररक्षकांचे कडे उभे करावयाचे, असे तिचे स्वरूप होते. योजना जार्डिनची असली, तरी ती अमलात आणण्यास जो वेग आणि जी अचूकता लागे, ती लारवुडपाशीच होती. ब्रॅडमनची सरासरी ५६.५७ वर आली. त्याला लारवुडने चार वेळा बाद केले. अ‍ॅडलेडला लारवुडचा चेंडू वुडफुलच्या छातीवर बसला आणि ओल्डफील्डच्या कवटीला इजा झाली. हे दोन्ही चेंडू लेगचे कडे उभे नसताना टाकलेले होते, हे तपशिलाच्या दृष्टीने खरे आहे. पण त्यामुळे त्या डावपेचातील दहशत कमी होत नाही. ती मान्य केल्यावाचून लारवुडची बाजू प्रामाणिकपणे मांडता येणार नाही.

ह्या मालिकेतील पहिला नकार गबी अ‍ॅलनचा. अशी गोलंदाजी मी करणार नाही, असे त्याने कर्णधाराला स्पष्ट सांगितले. तो हौशी होता. पाचही कसोट्यांत तो खेळला, त्याने २१ बळी घेतले, आणि १९३६-३७ मध्ये इंग्लंडचा कर्णधार म्हणून तो ऑस्ट्रेलियाला गेला. त्याच्या नकाराचे नैतिक मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्या नकाराची किंमत त्याला द्यावी लागली नाही, हेही नोंदले पाहिजे. असाच नकार एखाद्या धंदेवाईक खेळाडूने दिला असता, तर पुढचा दौरा त्याच्या वाट्यास आला असता काय? अखेरच्या सिडनी कसोटीत लारवुडच्या पायाचे हाड मोडले. तरीही ब्रॅडमन बाद होईपर्यंत जार्डिनने त्याला मैदान सोडू दिले नाही. ह्या एका प्रसंगात दोन वर्गांमधील अंतर पुरते दिसते.

दुसरा नकार लारवुडचा. १९३४ मध्ये, पुन्हा कसोटी खेळावयाची असेल तर क्षमापत्रावर सही करावी, असे त्याला सुचवण्यात आले. त्याने सही केली नाही. येथेच 'हातचे हत्यार' हे मत अपुरे पडते. तो केवळ हत्यार असता, तर सही करणे त्याला जड नव्हते. हुकूम कर्णधाराचा होता, एवढे म्हटले की सुटका होती. त्याचा साथीदार बिल व्होस हाही नॉटिंगहॅमशायरचाच. त्याने निवड करणाऱ्यांशी जुळवून घेतले आणि अ‍ॅलनच्याच नेतृत्वाखाली तो ऑस्ट्रेलियाला जाऊन आला. म्हणजे परतीची वाट उघडी होती. लारवुडने ती नाकारली, कारण क्षमा मागणे म्हणजे आपले कसब हाच आपला गुन्हा होता, असे लिहून देणे होय. हुकूम दुसऱ्याचा असला तरी काम माझे आहे, असा ह्या नकाराचा आशय आहे. त्यात दोषाचा वाटाही आपोआप येतो, आणि तो त्याने टाळला नाही.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. दुखावलेल्या पायामुळे त्याची कारकीर्द तशीही संपलीच होती, मग नकाराचे एवढे महत्त्व का मानावे? त्याचा पूर्वीचा वेग परतला नाही, हे खरे. परंतु १९३६ च्या हंगामात त्याने १२.९७ च्या सरासरीने ११९ बळी घेतले. गमावण्यासारखे त्याच्यापाशी पुष्कळ होते.

साधनांविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. जार्डिनने ह्या दौऱ्याची हकीकत आपल्याच लेखणीने लिहिली. लारवुडचे १९६५ चे आत्मकथन मात्र केव्हिन पर्किन्स ह्या पत्रकाराच्या साहाय्याने सिद्ध झाले आहे. धंदेवाईक खेळाडूचा आवाज आपल्यापर्यंत येतो, तो बहुधा असा दुसऱ्याच्या हातून. म्हणूनच जी सही त्याने केली नाही, ती मला त्याच्या पुस्तकांहून अधिक विश्वसनीय साधन वाटते.

१९५० मध्ये लारवुड सहकुटुंब ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला. त्याला तेथे येण्यास उत्तेजन देणारा जॅक फिंगल्टन हा त्याच्याच गोलंदाजीला तोंड दिलेला फलंदाज होता. ज्यांनी मार खाल्ला, त्यांनी त्याला जवळ केले. ज्यांच्यासाठी त्याने चेंडू टाकला, त्यांच्या देशाचा राजकीय सन्मान त्याला १९९३ मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षे आधी मिळाला. त्याची कीव करणे सोपे आहे. पण ज्याने स्वतःच्या कामाची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली नाही, त्याच्या वतीने ती आपण ढकलू नये, एवढे तरी टीकाकाराने सांभाळले पाहिजे.